कलाभवनाचा विद्यार्थी धुंडिराज फाळके

बडोद्याच्या मराठी माणसांवर आमच्या मंडळात बोलणं निघालं की दादासाहेब फाळक्यांचं नाव कोणी ना कोणी घेतंच. नाव घेतलं की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : 'ते इथे कलाभवनात शिकले.' मग गाडी थेट १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'वर आणि मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरवर जाऊन थांबते. मधली तेवीस वर्षं कोणी विचारात घेत नाही. या टिपणात मी त्या एका वाक्यापाशीच थांबणार आहे. शिकले म्हणजे नेमकं काय शिकले? वर्गात कोणती कामं केली? ती सुचली कशावरून? आणि त्यातलं पुढे काय उपयोगी पडलं?

मी पेशाने इंजिनियर, इतिहास वाचून वाचून शिकलेला. त्यामुळे प्रश्नही कारखान्यातल्या माणसाचेच पडतात. एखादी वस्तू चांगली झाली तर ती कोणत्या हत्यारांनी झाली, हात कुठे बसला, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. दादासाहेबांना 'जनक' म्हणून हार घातला की हा प्रश्नच मिटतो. पण जनक होण्याआधी हा माणूस विद्यार्थी होता, आणि विद्यार्थी म्हणून तो फार बघण्यासारखा होता.

आधी तारखा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. अध्यापनाच्या नोकरीसाठी ते मुंबईला आले आणि त्यामुळे मुलाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं दार उघडलं. १८८५ साली तो तिथे चित्रकला शिकायला गेला. पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याकडे तो बडोद्याला आला.

इथे एक गाठ सोडवायला हवी. बऱ्याच लेखांत असं येतं, की फाळके १८८६ च्या सुमारास बडोद्याला आले, लगेच कलाभवनात गेले आणि १८९० साली तिथला चित्रकलेचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. पण कलाभवन सुरू झालं तेच मुळी जून १८९० मध्ये. शाळा उघडण्याआधी तिथला अभ्यासक्रम पुरा कसा होईल? तेव्हा कलाभवनातलं शिक्षण १८९० च्या पावसाळ्यापासून पुढेच धरायला हवं. यात नुकसान काही नाही, उलट फायदाच आहे. फाळके कलाभवनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ठरतात. संस्था नवी, नियम ओले, आणि विद्यार्थी वीस वर्षांचा.

दुसरी गाठ अशी, की आजचं कलाभवन आणि आजची ललितकला विद्याशाखा यांची लोक गल्लत करतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली झालं आणि ललितकला विद्याशाखा १९५० साली. फाळके शिकले ते राजमहाल रोडवरच्या कलाभवनात, आणि त्या कलाभवनाचा वारसा विद्यापीठात गेला तो तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेकडे. म्हणजे ज्याला आपण सिनेमाचा पहिला कलावंत म्हणतो, त्याची शाळा ही हिशेबाने इंजिनियरांची शाळा आहे. आमच्या पेशातल्या मंडळींना हे सांगितलं की ती आधी हसतात आणि मग जरा ताठ बसतात.

त्या वेळचं बडोदं

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, फाळके त्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकचे. महाराजांचा जन्म १८६३ चा. कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, सुरतचे, तेही १८६३ चेच. १८९० साली राजाही सत्तावीस वर्षांचा आणि संस्थेचा प्रमुखही त्याच वयाचा. या वयाची माणसं शाळा काढतात तेव्हा तिथे 'असं कधी झालं नाही' हे वाक्य कमी ऐकू येतं.

गज्जर रसायनशास्त्राचे, बडोदा कॉलेजात प्राध्यापक. त्यांच्या हातातली करामत पुढे मुंबईने पाहिली. व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतलं गेलं, तेव्हा तो डाग काढला तो गज्जरांनी. १९०७ साली बडोद्यात अलेंबिकचा कारखाना निघाला त्यामागेही गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन ही मंडळी होती. असा माणूस कलाभवनाचा प्रमुख, म्हणून तिथली 'कला' केवळ रंग आणि कुंचल्याची नव्हती. कापडाची रंगाई, यंत्रविद्या, सुतारकाम, स्थापत्य, चित्रकला हे सगळं एका आवारात. जुन्या मराठी-गुजराती वळणात 'कला' म्हणजे हाताची विद्या, हुन्नर. संस्थेचं नाव त्याच अर्थाने ठेवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गज्जरांचा आग्रह होता, की तांत्रिक शिक्षण देशी भाषेत द्यायचं. त्यासाठी 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेतून पुस्तकं तयार करवली गेली. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाने दाराबाहेर उभं राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. आज आम्ही बडोद्याची मराठी माणसं मुलांना तिन्ही भाषांत अर्धं अर्धं शिकवतो. त्या वेळी इथे ॲसिड आणि क्षार यांच्यावर आपल्या भाषेत बोलायचा प्रयत्न चालला होता, हे लक्षात ठेवावं.

वर्गातली कामं

फाळक्यांनी इथे तैलरंग आणि जलरंग हाताळले. त्याबरोबर स्थापत्य आणि मातीकाम, म्हणजे प्रतिकृती घडवणं, तेही शिकले. मग कॅमेऱ्याचा नाद लागला. छायाचित्र काढणं, काच धुणं, कागदावर उतरवणं, सगळं स्वतःच्या हाताने.

विद्यार्थी म्हणून त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम कोणतं, तर आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात ती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. त्या कामावर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना किमती कॅमेरा भेट दिला, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

ही प्रतिकृती माझ्या डोक्यातून जात नाही. नाट्यगृहाची प्रतिकृती करायची तर काय काय यायला लागतं, ते बघा. आधी नकाशा आणि छेद, म्हणजे स्थापत्याचा वर्ग. मग मोजमाप लहान करून लाकूड, पुठ्ठा, माती यांत उभं करणं, म्हणजे मातीकामाचा वर्ग. पडदे आणि रंग, म्हणजे चित्रकलेचा वर्ग. आणि या सगळ्यांच्या वर एक प्रश्न : मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला रंगमंच कसा दिसेल? चित्रकार चित्राचा विचार करतो. नाट्यगृह आखणाऱ्याला बघणाऱ्याचा विचार करावा लागतो. तो कुठे बसणार, कुठल्या कोनातून बघणार, उजेड कुठून येणार. बावीस वर्षांच्या मुलाने हा विचार एकदा हाताने करून ठेवला होता. वीस वर्षांनी त्याने कॅमेरा उभा केला तेव्हा बघणारा माणूस त्याला नवा नव्हता.

दुसरं मोठं काम छपाईच्या ठशांचं. हाफटोन ब्लॉक, फोटोलिथो, तीन रंगांची छपाई यांचं शिक्षण फाळक्यांनी या काळात घेतलं. अधिक शिकायला गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं आणि १८९३ मध्ये कलाभवनाचा छायाचित्र स्टुडिओ वापरायची मुभाही दिली. त्या जोरावर फाळक्यांनी ठसे आणि छायाचित्र छपाईचं स्वतःचं दुकान मांडलं.

हाफटोन म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. छापखान्याची शाई एकाच काळेपणाची असते. करडी छटा तिला येत नाही. मग मूळ चित्राचा फोटो बारीक जाळीच्या काचेतून घ्यायचा, म्हणजे चित्राचे ठिपके होतात. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. ही ठिपक्यांची प्रतिमा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायची. त्या पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप असतो. उजेड लागला तिथे लेप टिकतो, बाकीचा धुऊन जातो, मग उघडा पडलेला धातू ॲसिडने कोरायचा. लांबून पाहिलं की डोळा ठिपके विसरतो आणि छटा बघतो. तीन रंगांत हेच तीनदा, तीन वेगवेगळ्या काचांमधून, आणि तिन्ही ठसे केसाएवढाही फरक न पडता एकावर एक बसायला हवेत.

१८९१-९२ साली ही विद्या सगळ्या जगातच नवी होती. कलकत्त्याला उपेंद्रकिशोर राय, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, यांनी ठशांचा व्यवसाय काढला तो १८९५ मध्ये. त्याआधीच आपल्या बडोद्यातला एक मराठी पोरगा अंधाऱ्या खोलीत हेच करत बसला होता. दोन घरांच्या दोन पिढ्यांचा हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

डोळ्यापुढे काय होतं

विद्यार्थ्याला वर्ग जेवढा शिकवतो तेवढंच गाव शिकवतं. त्या वर्षांचं बडोदं कसं होतं? लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला, मेंट आणि चिझम यांच्या आराखड्यांवर. इटलीचा शिल्पकार फेलिची दरबारासाठी काम करत होता. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. आणि महाराजांनी राजा रविवर्म्याकडे १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांचं काम सोपवलं होतं. ती १८९० च्या सुमारास पुरी झाली आणि राजवाड्याच्या दरबारासाठी बडोद्याला आली.

रविवर्म्याने काय केलं होतं? पुराणातल्या कथा त्याने पाश्चात्त्य तैलरंगांत, खऱ्या माणसांसारख्या, खऱ्या उजेडात बसवल्या. हरिश्चंद्राची कथाही त्याने रंगवली. मग १८९४ साली त्याने छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घराघरांत नेली. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि फाळक्यांनी त्याच्यासाठी छपाईचं कामही केलं. म्हणजे ज्या चित्रांची हवा विद्यार्थिदशेत गावात होती, त्यांच्या प्रती छापण्याचं काम पुढे त्यांच्या हातातून गेलं. चित्र, ठसा, हजारो प्रती, हजारो घरं, ही साखळी त्यांनी आतून पाहिली. सिनेमा म्हणजे तीच साखळी, फक्त प्रती हलायला लागल्या.

दुसरी प्रेरणा रंगभूमीची. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. मराठी नाटक मंडळ्यांना बडोद्याचा राजाश्रय होता. रंगवलेले पडदे, महालाचा, अरण्याचा, रस्त्याचा, हे तेव्हाच्या नाटकाचं अर्धं भांडवल. फाळके हे पडदे रंगवायचे. पुढे १९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं तेही किर्लोस्कर मंडळीच्या नात्यातल्या मुलीशी. त्याच सरस्वतीबाई. सिनेमाच्या काळात कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं काम त्यांनीच केलं.

तिसरी प्रेरणा जादूची. बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून फाळके हातचलाखी शिकले आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करू लागले. फाळके उलटं वाचा, केळफा होतं. इथेही मुद्दा बघणाऱ्याचाच आहे. जादूगाराला माहीत असतं की लोकांची नजर आत्ता कुठे आहे.

न चाललेले धंदे

हे सगळं वाचताना असं वाटेल, की माणूस पायऱ्या चढत गेला. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. १८९५ मध्ये फाळके गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून गेले. तिथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावलं. परत बडोद्याला येऊन पुन्हा स्टुडिओ मांडला, तर गावात वावडी उठली की कॅमेरा माणसाची शक्ती शोषतो आणि आयुष्य कमी होतं. गिऱ्हाईक फिरकेना. मग पडदे रंगवणं, जादूचे प्रयोग, आणि १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात नोकरी. स्वदेशीच्या लाटेत तीही सोडली. छापखाना काढला, १९०९ ला रंगीत छपाई शिकायला जर्मनीला गेले, मग भागीदारांशी पटलं नाही, तोही सुटला.

चाळिशीतला माणूस, हाताशी धंदा नाही. आपल्या नात्यागोत्यात अशा माणसाला काय म्हणतात ते सांगायला नको. धरसोड्या. एक धड करत नाही. माझ्या दहावीनंतर आमच्याही घरात हाच विषय होता. मला चित्रं काढायला आवडायचं आणि गणितही यायचं. वडिलांनी प्रेमानेच विचारलं, 'चित्रं काढून पोट भरेल का?' मी गणिताकडे गेलो. त्याचं मला दुःख नाही, नोकरीने घर चालवलं. पण फाळक्यांच्या या वर्षांची यादी करताना लक्षात येतं, की दोन्ही हात वापरणाऱ्या मुलाला आपण फार लवकर एक हात मागे बांधायला सांगतो.

हिशेब

आता तेरीज मांडू. १९११ साली गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि तिथे राम-कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओतलं काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांतच परतले. इंजिनियर म्हणून मला विचाराल तर इतक्या थोड्या दिवसांत कोणी सिनेमा शिकत नाही. शिकतो तो ज्याला नव्वद टक्के आधीच येतं. त्यांना शिकायचं होतं ते कॅमेऱ्याचं यंत्र आणि फिल्म. बाकीचं बडोद्यात झालं होतं.

फिल्म धुणं आणि छापणं? अंधाऱ्या खोलीची वीस वर्षांची सवय. नेपथ्य? नाटकाचे पडदे. महाल आणि वाडे? स्थापत्य आणि प्रतिकृती. पात्रांची मांडणी आणि वेशभूषा? रविवर्म्याची चित्रं. विश्वामित्राच्या यज्ञात ज्वाळांतून तीन शक्ती प्रकट होतात, तो चमत्कार? एकाच फिल्मवर दोनदा प्रतिमा घेण्याचं गणित, आणि त्यामागे प्रोफेसर केळफा. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांब झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पियात निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला.

त्याआधीचं एक काम मला सगळ्यात जास्त विद्यार्थ्याचं वाटतं. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत त्याची वाढ चित्रित केली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. विज्ञानाच्या वहीतला प्रयोग आणि जादूचा खेळ, दोन्ही एका कुंडीत. पुढेही ही खोड गेली नाही. नाण्यांना चालवणारा 'लक्ष्मीचा गालिचा', काड्यांना नाचवणारा 'आगकाड्यांची मौज', तळेगावच्या काच कारखान्यावरचा लघुपट, आणि चित्रपट कसा तयार होतो हेच दाखवणारा लघुपट, हे सगळं त्यांनी मोठ्या पौराणिक चित्रपटांच्या जोडीने केलं. देवांच्या लीला दाखवणारा माणूस काचेचा कारखानाही तितक्याच आवडीने दाखवतो, याचं नवल कलाभवन माहीत असलेल्याला वाटू नये.

आता आपल्या गावापुरती एक गोष्ट. १९५० पर्यंत बडोद्यात या शिक्षणाच्या दोन वाटा झाल्या. चित्रं, शिल्पं एकीकडे गेली, यंत्रं आणि प्रयोगशाळा दुसरीकडे. दोन्ही शाखांनी मोठं नाव कमावलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या संस्थेत एकाच मुलाला सकाळी रंग, दुपारी नकाशा आणि संध्याकाळी ॲसिडची थाळी हाताळता येत होती, ती पुन्हा झाली नाही. म्हणून दादासाहेबांवर बोलताना 'ते कलाभवनात शिकले' एवढ्यावर थांबू नये. प्रतिकृती, ठसे, पडदे, जादू अशी त्यांच्या कामांची यादी मुलांसमोर वाचावी. एखाद्या घरात दहावीचं पोरगं वहीच्या मागे चित्रं काढत असेल आणि आई-वडील काळजीत असतील, तर ती यादी त्यांनाही ऐकू द्यावी.